अलिबाबा आपल्यातला होता का?

निडी हे पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर नागोठणे आणि रोह्याच्या मधलं एक लहान स्टेशन. काही वर्षांपूर्वी ईदच्या सुटीत इथून आम्ही घरची मुलं गाडीत भरली आणि वाकण फाट्यावरून पालीमार्गे खोपोलीच्या रस्त्याला लागलो. इमॅजिका पाहायचं होतं. मुलांनी आठवडाभर आधीपासून यादी केली होती : कुठली राईड आधी, कुठली नंतर, कोण घाबरणार, कोण रडणार.

‘अलिबाबा और चालीस चोर’ची राईड पहिली. गाडीत बसायचं, हातात बंदूक धरायची आणि चोरांवर नेम लावायचा. मुलं खुश. नंतर ‘मिस्टर इंडिया’. तिथून बाहेर आल्यावर आठ वर्षांच्या भाचीने विचारलं, “मामू, हा मोगँबो कोण?” मी तिला १९८७ सालच्या सिनेमाची गोष्ट सांगायला लागलो. ती मध्येच थांबवून म्हणाली, “ते जाऊ दे. अलिबाबा आपल्यातला होता ना?”

मी घाईत ‘हो’ म्हणून टाकलं. परतीच्या वाटेवर मुलं झोपली आणि ते ‘हो’ मला टोचू लागलं.

हा लेख त्या एका शब्दाचा हिशेब आहे.

आधी थोडं थीम पार्कविषयी. अमेरिकेत या क्षेत्रातल्या शौकिनांमध्ये एक जुना वाद आहे. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं, तेव्हा त्याची विभागणी सिनेमांवर नव्हती, कल्पनांवर होती. साहसाचा प्रदेश, सरहद्दीचा प्रदेश, परीकथांचा प्रदेश, उद्याचा प्रदेश. या जुन्या प्रदेशांत पुढे गाजलेल्या सिनेमांची पात्रं येऊ लागली. १९८७ साली उद्याच्या प्रदेशात ‘स्टार वॉर्स’वरची राईड आली, १९९५ साली साहसाच्या प्रदेशात इंडियाना जोन्स आला. जुन्या चाहत्यांचं म्हणणं असं की ही जागा कुणा एका सिनेमाची नाही, कल्पनेची आहे. सिनेमा आला की पाहणाऱ्याला स्वतः काही कल्पायला उरत नाही.

मुद्दा पटण्याजोगा आहे, पण इतिहास तितका सोवळा नाही. परीकथांच्या प्रदेशात स्नो व्हाइट आणि पीटर पॅन पहिल्या दिवसापासून होते आणि त्या दोघांवरही डिस्नेचे सिनेमे आधीच येऊन गेले होते. उलट उदाहरणही आहे. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही राईड १९६७ सालची. तिच्यावरून सिनेमा निघाला २००३ साली. तो इतका चालला की २००६ साली त्यातला जॅक स्पॅरो मूळ राईडमध्ये नेऊन बसवला. मुलाने बापाच्या घरात येऊन आपला फोटो लावावा, तसं झालं.

आपल्या जिल्ह्यालाही असा प्रश्न नवा नाही. ‘बाहुबली’ गाजल्यावर मूर्तिकारांकडे बाहुबलीच्या रूपातल्या गणपतीची मागणी येऊ लागली, नंतर ‘पुष्पा’ आला. पेण तालुका मूर्तिकारांचा. अशी मूर्ती असावी की नसावी, यावर दरवर्षी चर्चा होते. तो भाविकांचा आणि मूर्तिकारांचा प्रश्न आहे, त्यात मी पडणार नाही. पण प्रश्नाचा आकार ओळखीचा वाटतो : जे सगळ्यांचं आहे त्यावर एका सिनेमाचा शिक्का बसावा का?

इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. ते उभं केलं मनमोहन शेट्टी यांनी. त्यांनी १९७८ साली काढलेली अ‍ॅडलॅब्ज ही मुळात फिल्म धुणारी लॅब. म्हणजे या पार्कचा जन्मच सिनेमाच्या घरातला. तिथे ‘मिस्टर इंडिया’ आला यात नवल नाही, आणि मला तो खटकलाही नाही. शेखर कपूर यांच्या त्या सिनेमाची कथा सलीम खान आणि जावेद अख्तर यांची. अनाथ मुलं सांभाळणारा एक साधा माणूस, त्याला अदृश्य करणारं घड्याळ आणि देशावर टपलेला खलनायक. दोन मुसलमान लेखकांनी लिहिलेल्या हिरोचं नाव ‘मिस्टर इंडिया’ आहे, हे आजच्या दिवसांत मुलांना सांगण्यासारखं आहे. अडचण एवढीच की भाचीला तो सिनेमाच माहीत नव्हता. सिनेमा एका पिढीचा असतो. ती पिढी मागे पडली की राईडमध्ये नुसते धक्के उरतात.

अलिबाबाचं तसं नाही. तो तिला माझ्या आईकडून ठाऊक होता, आईला नानीकडून. चुलीपाशी बसून नानी सांगायची तेव्हा गुहेचं दार तिळाचं नाव घेतल्यावर उघडायचं आणि खरी हुशार असायची मर्जीना. तेलाच्या बुधल्यांत लपलेले चोर तिने ओळखले, मालकाचा जीव तिने वाचवला. हातात बंदूक आली की मर्जीनाच्या अकलेचं काम उरत नाही, एवढंच राईडमधून बाहेर पडताना वाटलं.

पण मग नानीची गोष्ट ‘मूळ’ आणि राईड ‘नक्कल’, असं म्हणावं का? इथेही इतिहास आडवा येतो. अलिबाबा आणि अल्लाउद्दीन या दोन्ही कथा अरेबियन नाइट्सच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. आंत्वान गालाँ हा फ्रेंच विद्वान १७०४ पासून या कथांचं भाषांतर छापत होता. १७०९ साली पॅरिसमध्ये त्याला हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, एक तरुण भेटला. हन्ना दियाब. धर्माने मॅरोनाइट ख्रिस्ती. त्याने गालाँला ज्या कथा तोंडी सांगितल्या, त्यात या दोन होत्या. गालाँने त्या आपल्या पद्धतीने फुलवून लिहिल्या आणि दियाबचं नाव पुस्तकात आलंच नाही.

म्हणजे ज्याला आपण इस्लामी जगातला अस्सल नायक समजतो, तो एका सीरियन ख्रिस्ती तरुणाने सांगितला आणि एका फ्रेंच माणसाने लिहिला. तिथून तो इंग्रजीत गेला. मराठीत या कथा १८६० च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून आणल्या आणि काम विष्णुशास्त्रींनी पुरं केलं. निबंधमालेचे विष्णुशास्त्री! पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनचं अरेबियन नाइट्स मराठीत आणलं. हिंदी पडद्यावर होमी वाडियांनी १९५४ साली अलिबाबा आणला, १९८० साली सोव्हिएत भागीदारीतला धर्मेंद्र-हेमामालिनीचा आला. ख्रिस्ती, फ्रेंच, चित्पावन ब्राह्मण, पारशी : या गोष्टीवर हात फिरवणाऱ्यांची ही यादी पाहिली की ‘आपल्यातला’ हा शब्द फार लवचिक होतो.

माझी तक्रार सिनेमाशी नाहीच. तक्रार आहे ती एकाच चित्राशी. पगडी, वाकडी तलवार, वाळवंट, चोर. मुसलमान पडद्यावर आला की बहुतेकदा याच वेशात येतो आणि आपली मुलंही त्यातच स्वतःला शोधतात. अमेरिकेत १९९२ च्या ‘अल्लादीन’मधल्या गाण्यात अरबांच्या देशाविषयी अपमानकारक ओळ होती. अरब-अमेरिकन संघटनांनी आवाज उठवल्यावर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली. तेव्हा बोललं तर बदलतं.

इमॅजिकातल्या भुताच्या किल्ल्याचं नाव सलीमगढ. नाव ऐकलं आणि मला दिल्लीचा सलीमगढ आठवला. शेरशाह सूरीचा मुलगा इस्लामशाह याने १५४६ साली तो बांधायला घेतला. पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेचे कैदी तिथे ठेवले. नाव योगायोगाने आलं असेल, त्यामागे हेतू शोधत बसणार नाही. पण मुलांना त्या नावाचा पहिला अर्थ ‘भूत’ असा कळावा आणि दुसरा कधी कळूच नये, हे बरं नाही. दुसरा सांगायचं काम मात्र पार्कवाल्यांचं नाही, आपलं आहे.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. निडीहून थोडं पुढे रोह्याला कुंडलिका वाहते. ती रेवदंड्याला समुद्राला मिळते आणि त्याच्याच शेजारी चौल. जुन्या अरबी प्रवाशांचं ‘सैमूर’. बगदादचा इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, तिथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथल्याच मातीत जन्मलेले. राज्य राष्ट्रकूटांचं, म्हणजे बिगरमुस्लिम राजाचं. त्यानेच मुसलमानांतल्या एका जाणत्या माणसाला त्यांचे तंटे सोडवण्यासाठी नेमलं होतं. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत.

गोष्टीतला सिंदबाद बसऱ्याहून गलबतात चढतो. सैमूरला उतरणारे खरे खलाशीही बसऱ्याचेच. हजार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मसाले, कापड, घोडे आणि माणसं उतरत होती, इथल्या बायकांशी लग्नं होत होती, मुलं इथली भाषा बोलत होती. कोकणी मुसलमान घडला तो या देवघेवीतून. त्यात वाळवंट नाही. भरती-ओहोटी आहे, नारळीची झाडं आहेत, भाकरी आणि मासळी आहे.

टोकियोच्या डिस्नेसीमध्ये ‘अरेबियन कोस्ट’ नावाचा भाग आहे. तिथे सिनेमातला जिनी आहे, आणि शेजारीच कुठल्याही सिनेमाचा आधार नसलेली सिंदबादची सफरही आहे. दोन्ही नांदतात. जपानमध्ये सिंदबाद होडीत बसू शकतो, तर रायगडमध्ये सैमूरचं गलबत का नसावं? सिनेमा असावा की नसावा यापेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटतो. जिथे आपण उभे आहोत तिथली गोष्ट कुणी सांगितलीच नाही, तर ती जागा बाहेरून आणलेली चित्रंच भरणार. मग ती सिनेमाची असोत की पुस्तकाची.

भाचीला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. पुढच्या सुटीत तिला रेवदंड्याला नेणार आहे. सांगेन, “अलिबाबा सगळ्यांचाच आहे, आपलाही. पण आपल्यातले जे होते ते इथे उतरले, गलबतातून. त्यांनी चोरांची गुहा उघडली नाही. दुकानं उघडली.”