सणाचं नाव आहे, तारीख नाही! चर्चचे जुने कागद वाचताना

जुन्या मराठी कागदांवर काम करणाऱ्याला एक सवय लागलेली असते. ‘ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596’ असं दिसलं की हात जंत्रीकडे जातो. शिवराज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीख ज्युलियन आहे, ग्रेगोरियन हिशोबाने ती 16 जून येते, हेही आपल्याला पाठ असतं. मात्र तोच अभ्यासक मिशनऱ्यांचे कागद हातात घेतो तेव्हा जंत्री बाजूला ठेवतो. ख्रिस्ती कालगणना म्हणजे भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर, असं त्याने गृहीत धरलेलं असतं. आजचा लेख या गृहीतकाबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रान्समधल्या आन्सी या गावी 1838 मध्ये स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस दि सेल्स मिशनऱ्यांच्या संघाकडे विशाखापट्टणमचं मिशन आलं. नागपूर-कामठीचा भाग त्याच मिशनमध्ये होता. 1887 मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि 1953 मध्ये महाधर्मप्रांत. नागपूरच्या कॅथेड्रललाही याच संताचं नाव आहे. आता प्रश्न असा: या संताचा सण कोणत्या तारखेला येतो?

आजचं कॅलेंडर सांगतं, 24 जानेवारी. पण सतराव्या शतकापासून 1969 पर्यंत रोमन कॅलेंडरात हा सण 29 जानेवारीला होता. पोप पॉल सहावे यांनी फेब्रुवारी 1969 मध्ये नवं कॅलेंडर मंजूर केलं, ते 1 जानेवारी 1970 पासून लागू झालं, आणि अनेक सणांच्या तारखा हलल्या. म्हणजे 1890 च्या पत्रात ‘आमच्या संताच्या सणाच्या आदल्या दिवशी’ असं असेल तर ती 28 जानेवारी. आजच्या कॅलेंडरवरून काढाल तर पाच दिवस चुकाल.

पाच दिवसांनी काय बिघडतं, असं म्हणाल. मग हे उदाहरण घ्या.

समजा, 1896 सालच्या एका पत्रात लिहिलंय, ‘संत थॉमसच्या सणाला धान्य मागणाऱ्यांची दारात रीघ लागली होती.’ (पत्र काल्पनिक आहे, पेच खरा आहे.) आजच्या रोमन कॅलेंडरात प्रेषित थॉमसचा सण 3 जुलैला येतो. ती तारीख धरली तर तुमचा निष्कर्ष असा होईल की मध्य प्रांतात पाऊस दगा देण्याआधीच लोक उपाशी होते. म्हणजे दुष्काळाचं कारण पावसात नाही, दुसरीकडेच शोधायला हवं. प्रबंधात अख्खं प्रकरण होईल असा मुद्दा! पण 1969 पूर्वी रोमन कॅलेंडरात हा सण 21 डिसेंबरला होता. 1896 चा पाऊस वेळेआधीच थांबला होता आणि डिसेंबरपर्यंत दुष्काळ उघड झाला होता. म्हणजे पत्रात अनपेक्षित काहीच नाही. एका सणाच्या तारखेवर कार्यकारणभाव उलटा झाला असता.

यात आणखी एक मेख आहे. केरळातल्या सिरो-मलबार परंपरेत थॉमसचा सण आधीपासूनच 3 जुलैला पाळला जातो. 1962 मध्ये चांदा भाग त्या चर्चकडे सोपवला गेला. त्यामुळे 1965 मधल्या पत्रात हा सण आला, तर तारीख ठरवण्याआधी विचारा: लिहिणारा कोण? नागपूरचा लॅटिन परंपरेतला फादर असेल तर डिसेंबर, चांद्याचा सिरो-मलबार फादर असेल तर जुलै. साल तेच, संत तोच, शेजारचेच जिल्हे, आणि फरक जवळजवळ सहा महिन्यांचा.

हे झाले ठरलेल्या तारखांचे सण. हलणाऱ्या सणांचा कणा म्हणजे ईस्टर. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा त्याचा नियम. ही पौर्णिमा आकाशातली नव्हे, चर्चच्या कोष्टकातली. त्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान येतो. राखेचा बुधवार त्याच्या 46 दिवस आधी, पेंटेकॉस्ट 49 दिवसांनी. जुन्या कागदांत ‘सेप्टुआजेसिमा’ भेटेल. तो ईस्टरच्या 63 दिवस आधीचा रविवार, नव्या कॅलेंडरातून तो गेला. ‘क्वासिमोदो’ म्हणजे ईस्टरनंतरचा पहिला रविवार. त्या दिवशीच्या मिस्साच्या पहिल्या लॅटिन शब्दांवरून हे नाव पडलं.

कधी कधी ठरलेला सणही सरकतो. देवदूताने मरियेला संदेश दिला तो सण 25 मार्चचा. पण 1894 मध्ये ईस्टरच 25 मार्चला आला. मोठ्या सणापुढे दुसरा सण मागे हटतो आणि क्वासिमोदोनंतरच्या सोमवारी पाळला जातो. त्या वर्षी तो 2 एप्रिलला गेला.

तारखेसारखी वेळही तपासा. ‘पवित्र शनिवारी सकाळी ईस्टरचा जागरणविधी झाला’ असं वाचलं तर लेखनिकाची चूक समजून दुरुस्त करू नका. हा विधी तेव्हा खरोखरच सकाळी होत असे. रात्रीच्या विधीला 1951 मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली आणि 1956 पासून तोच नियम झाला.

मग करायचं काय? सणाचं नाव दिसलं की चार गोष्टी क्रमाने विचारा. लिहिणारा कोणत्या परंपरेतला? साल 1970 च्या आधीचं की नंतरचं? सण ठरलेल्या तारखेचा की ईस्टरवर हलणारा? आणि त्या वर्षी दुसऱ्या सणाशी टक्कर झाली होती का? 1970 च्या अगदी आसपासचा कागद असेल तर जुनी आणि नवी अशा दोन्ही तारखा काढून बघा, आणि पत्रातला एखादा वार किंवा पोस्टाचा शिक्का कोणत्या तारखेशी जुळतो ते पाहा. वार जुळला तर बरीचशी शंका मिटते.

टिपणवहीत मूळ शब्द जसेच्या तसे उतरवा आणि तुम्ही काढलेली तारीख चौकटी कंसात वेगळी लिहा. दोन्ही एकत्र करू नका. उद्या दुसऱ्या कुणाला तुमचा हिशोब तपासायचा असेल, तर संताचं नाव त्याच्यासमोर असायला हवं.