वेळूचा ऑर्गन

आपल्या नाट्यगृहांत वाजे तो ऑर्गन रीडांचा. ख्रिस्ती मंदिरांतला नळ्यांचा, आणि त्या बहुधा धातूच्या. फिलिपाइन्समधील लास पिन्यास येथील ऑर्गनाच्या १०३१ नळ्यांपैकीं ९०२ मात्र वेळूच्या आहेत. दिएगो सेरा या स्पॅनिश पाद्र्यानें १८१६ सालीं काम आरंभिलें. कीड लागूं नये म्हणून त्यानें वेळू तोडून समुद्रकांठच्या वाळूंत पुरून ठेविले.

धातु परवडेना म्हणून वेळू, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. १८२१ सालीं वाद्य वाजूं लागलें होतें. परंतु तुतारीचा स्वर वेळूंतून वठेना, तेव्हां त्या नळ्या त्यानें धातूच्या केल्या आणि काम पुरें होण्यास १८२४ साल उजाडलें. वेळू कोठें अपुरा पडतो हें ज्यास कळत होतें, त्यानें इतरत्र तो नाइलाजानें घेतला असें कसें म्हणावें? बासरी ऐकणाऱ्या आपणांस तरी ही शंका येऊं नये.

पुढें भूकंप व वादळें यांनीं तो मोडकळीस आला. १९७३ सालीं दुरुस्तीसाठीं जर्मनींत बॉन येथें नेला, तेव्हां कारागिरांना त्याच्यासाठीं एका दालनांत फिलिपाइन्सची उष्ण, दमट हवा निर्माण करावी लागली. १९७५ सालीं तो आपल्या मंदिरांत परतला.