झोपडपट्ट्यांतील मलव्यवस्था, मुंबईतील
दाट नागरी वस्त्यांतील मानवी मलाची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था. संडासाचा प्रकार निवडणे हे वरवर पाहता स्थापत्याचे काम वाटते. परंतु मुंबईत ही निवड जमिनीची मालकी, पाण्याची उपलब्धता आणि मैला कोणी उपसावयाचा या तीन गोष्टींनीच मुख्यतः ठरविली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात भुयारी गटारांची कामे सुरू झाली, तरी टोपलीचे संडास दीर्घकाळ टिकून राहिले. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमात हलालखोर-सेवेसाठी कराची तरतूद होती. हे काम जातीने ठरलेले होते. त्यामुळे ते स्वस्तात होत राहिले आणि दुसरा पर्याय शोधण्याची निकड नगरशासनास फारशी भासली नाही. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाल्यानंतर १८९८ मध्ये नगर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने रोगट वस्त्या पाडल्या. मात्र विस्थापितांनी अन्यत्र गर्दी केली.

स्वातंत्र्यानंतरही प्रारंभी झोपड्या हटविण्यावरच भर होता. १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमाने सुधारणेस कायद्याचे अधिष्ठान दिले व १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली. सार्वजनिक नळ व संडास देण्यात आले. तथापि रेल्वे, बंदर, विमानतळ इत्यादींच्या जमिनींवर त्या त्या प्राधिकरणाच्या संमतीवाचून काम होत नसे. जेथे संडास बांधले गेले, तेथेही पाणी, वीज व देखभाल यांची जबाबदारी निश्चित नसल्याने ते लवकरच निरुपयोगी होत. याची झळ स्त्रियांना अधिक बसे. आडोशासाठी त्यांना अंधार पडण्याची वाट पाहावी लागे.

सुलभ संस्थेने १९७० पासून प्रसृत केलेला दोन खड्ड्यांचा संडास मैला वाहण्याच्या प्रथेवर प्रभावी उपाय ठरला. एक खड्डा भरला की दुसरा वापरात येतो व पहिल्यातील मैल्याचे खत बनते. परंतु खड्ड्यांना मोकळी जागा व पाणी शोषणारी जमीन लागते. दहा फुटी खोल्या आणि भराव घातलेली, दलदलीची जमीन असलेल्या वस्त्यांत तो क्वचितच शक्य होता. कराचीतील ओरंगी येथे १९८० पासून अख्तर हमीद खान यांच्या प्रेरणेने रहिवाशांनी आपापल्या गल्लीतील गटारे स्वखर्चाने घातली. तेथे घरबांधणीस आखलेले भूखंड व सरळ गल्ल्या होत्या. मुंबईत बहुधा दोन्ही नव्हते.

परिणामी येथे सामुदायिक संडासच अधिक व्यवहार्य ठरला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये मंजूर झालेल्या मलनिःसारण प्रकल्पातील झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात रहिवाशांची संस्था स्थापून प्रौढ माणशी १०० रुपये वर्गणी घेण्यात आली; इमारत महानगरपालिकेने बांधावी व संस्थेने ती चालवावी, अशी ही योजना होती. पुण्यात १९९९ पासून महानगरपालिकेने स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने याच धर्तीवर शेकडो संडासगृहे बांधली. त्यांतील काहींत मुलांसाठी वेगळे संडास व देखभाल करणाऱ्यासाठी खोली होती. वर्गणीमुळे आपलेपणा आला हे खरे. परंतु अतिगरीब व भाडेकरू यांना ती जड गेली. काही संस्था तर पुढे मोजक्यांच्या हाती गेल्या.

मुख्य गटारापासून दूर असलेल्या संडासगृहांना सेप्टिक टाकीवर विसंबावे लागते. अरुंद बोळांत उपसण्याची गाडी शिरत नाही, तेव्हा टाकीत माणूस उतरविला जातो. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायूने अल्पावधीत मृत्यू ओढवतो. १९९३ च्या कायद्याने मैला वाहण्यास माणसे नेमणे निषिद्ध ठरविले होते. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारे व टाक्या साफ करविणे हाही गुन्हा ठरविला, तरी असे मृत्यू थांबलेले नाहीत.