सर्पगंधा आणि मेंदूतला निळा ठिपका

मेंदूतल्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा इतिहास बहुधा स्वीडनपासून सांगितला जातो. त्याला कारण आहे. आपल्या सिम्पथेटिक मज्जातंतूंचा निरोप हेच रसायन नेतं, हे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली दाखवलं. ते बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशींचा नकाशा आनिका डालस्ट्रॉम आणि शेल फुक्से यांनी १९६४ साली मांडला. पण मधल्या अठरा वर्षांतला एक धागा मुंबईतल्या परळमधून जातो, आणि माझ्यासारख्या खानदेशी माणसाच्या घरापर्यंतही येऊन पोचतो.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे फार जुनी. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर ती चालते असं लिहिलं, पण बाहेरच्या जगानं लक्ष दिलं नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरचा अनुभव नोंदवला आणि मग मात्र चक्र फिरलं. स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. वकिलांना १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन करतं काय? चेतापेशी आपलं रसायन बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवते. रेसर्पिन ही भरणी बंद पाडतं. रावेर-सावद्याकडच्या माणसाला हे लगेच कळेल. केळीचे घड कापून तयार आहेत, पण ट्रकमध्ये भरणारे हात थांबले, तर माल बांधावरच सडतो. पेशीतही तेच होतं. पिशवीबाहेर राहिलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन तिथली विकरं मोडून टाकतात. होल्झबाउअर आणि मार्थे फोग्ट यांनी १९५६ साली मांजरांना रेसर्पिन देऊन मेंदूतला हा साठा कोसळलेला दाखवला.

पुढे ऊतींना फॉर्मल्डिहाइडची वाफ देऊन ही रसायनं सूक्ष्मदर्शकाखाली चमकवण्याची पद्धत निघाली. नॉरअ‍ॅड्रेनलिन हिरवं चमकतं. ती चमक खरी की भास, हे तपासायला पुन्हा रेसर्पिनच कामी आलं. औषध दिल्यावर हिरवा रंग गेला, म्हणजे तिथं हेच रसायन होतं. नकाशात सर्वांत ठळक दिसला तो मेंदूच्या देठातला 'लोकस सेरुलियस', म्हणजे निळी जागा. वेन्झेल बंधूंनी हे नाव १८१२ सालीच दिलं होतं, पण ती जागा काय करते हे दीडशे वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. माणसात दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे ५०,००० पेशी, आणि त्यांचे तंतू मेंदूच्या सालीपासून मज्जारज्जूपर्यंत पसरलेले.

आता घरातली गोष्ट. माझे धुळ्याचे आजोबा रक्तदाबासाठी वर्षानुवर्षं रेसर्पिन असलेली गोळी घेत. तेव्हा ते सर्रास दिलं जाणारं, स्वस्त औषध होतं. नंतर नंतर ते ओट्यावर बसेनासे झाले, भजनाला जाईनासे झाले. आजी म्हणायची, "त्यासनं मन लागत नही." सगळ्यांनी ते वयावर ढकललं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि आजोबा हळूहळू पुन्हा ओट्यावर आले.

हे वाचून कुणीही म्हणेल, रसायन कमी झालं की माणूस उदास होतो. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी साधारण हेच गृहीतक मांडलं, आणि रेसर्पिन हा त्यातला मोठा पुरावा होता. एडवर्ड फ्राइस यांनी १९५४ सालीच रेसर्पिन घेणाऱ्यांमधलं नैराश्य नोंदवलं होतं. पण १९५५ साली लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांच्या चाचणीत चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांना रेसर्पिननं उलट बरं वाटलं. शिवाय नैराश्यावरची औषधं नॉरअ‍ॅड्रेनलिन काही तासांत वाढवतात, माणसाला मात्र बरं वाटायला आठवडे लागतात. मेंदू नुसती टाकी असता, तर असं झालं नसतं. त्यामुळे आजोबांच्या अनुभवावरून सिद्धांत मांडायचा मोह मी आवरतो.

माझ्या धंद्यात एखादी सेवा बंद पाडून बाकीची यंत्रणा काय करते ते बघतात. १९७४ साली झिग्मंड, शॉन आणि आयव्हरसन यांनी उंदरांना रेसर्पिन दिलं आणि निळ्या जागेतलं टायरोसिन हायड्रॉक्सिलेज मोजलं. नॉरअ‍ॅड्रेनलिन बनवण्याच्या साखळीतलं हे पहिलं विकर. काही दिवसांत त्याची क्रिया वाढलेली निघाली. माल सडतोय हे कळल्यावर पेशीनं लागवडच वाढवली होती! थंडीचा ताण दिल्यावरही तेच घडलं. याच सुमारास स्वीडनमध्ये ब्यॉर्कलुंड आणि सहकाऱ्यांना या पेशींचे तुटलेले तंतू पुन्हा फुटताना दिसले. प्रौढ मेंदूची जोडणी कायमची असते, या समजाला तो मोठा तडा होता.

विकासाची गोष्ट याला धरूनच आहे. उंदराच्या गर्भात या पेशी दहाव्या ते तेराव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे फार लवकर जन्मतात. सालीची जुळणी पुरी व्हायच्या आधीच त्यांचे तंतू तिथं पोचलेले असतात. १९७६ साली कासामात्सू आणि पेटिग्र्यू यांनी मांजरीच्या पिल्लांच्या मेंदूतले हे तंतू रसायनानं नष्ट केले. एक डोळा शिवला, की दुसऱ्या डोळ्याकडे झुकणारी सालीची जोडणी त्या पिल्लांत झुकली नाही. बदलायला परवानगी देणाऱ्यांत या पेशीही असाव्यात, अशी शंका तिथून बळावली. पुढे इतर प्रयोगांनी या निष्कर्षाला मर्यादा घातल्या, पण प्रश्न टिकला.

वकिलांच्या निबंधापासून झिग्मंड यांच्या प्रयोगापर्यंत पंचवीस वर्षं जातात. मुळीनं पेशी रिकामी होते, हे तुलनेनं लवकर कळलं. रिकामी पेशी हातावर हात ठेवून बसत नाही, हे कळायला उशीर लागला. मला या इतिहासात ही दुसरी गोष्ट मोठी वाटते. औषध पेशीवर काय करतं एवढंच विचारलं, तर अर्धंच उत्तर मिळतं. त्यावर पेशी काय करते हेही विचारावं लागतं, आणि ते बघायला दिवसेंदिवस थांबावं लागतं.