बीम जाण्याआधी

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे इलेक्ट्रॉन फिरवत ठेवणारं १७२ मीटर घेराचं कडं आहे. कड्यातला इलेक्ट्रॉनांचा बीम अस्थिर होऊन कसा जातो, त्याचा हा घटनाक्रम. वेळा ढोबळ आहेत, क्रम खरा.

तीन तास आधी. कड्याचा बोगदा रिकामा करून बंद होतो. आरएफ कॅव्हिटीभोवती फिरणाऱ्या पाण्याचं तापमान ठरल्या आकड्यावर आणतात. संकटाचं बीज इथेच पडतं. ही धातूची पोकळी ५०५.८ मेगाहर्ट्झवर बीमला ऊर्जा पुरवते, पण तिच्यात नको असलेली कंपनंही दडलेली असतात. तापमान बदललं की पोकळी किंचित फुगते किंवा आकसते आणि त्या कंपनांची वारंवारता सरकते. ती बीमच्या डोलण्याशी जुळली, की धोका वाढतो.

एक तास आधी. भरण सुरू. बूस्टर या आधीच्या त्वरकातून ५५० एमईव्हीचे इलेक्ट्रॉन पुंजक्यांनी, म्हणजे बंचांनी, कड्यात येतात. एक फेरी ०.५७५ मायक्रोसेकंदाची. बंचांसाठी २९१ जागा, दोन जागांत जेमतेम दोन नॅनोसेकंद. पावसाळ्यात माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला पाणी तुंबलं, की पुढच्या बसची लाट मागच्या स्कूटरला हेलकावे देते. प्रत्येक बंचही कॅव्हिटीत असंच क्षेत्र मागे सोडतो. ते विरण्याआधी मागचा बंच येऊन पोचतो. आणि कडंच असल्यामुळे शेवटच्याची लाट पहिल्यालाही लागते.

दहा मिनिटं आधी. करंट चढतो, तसा लाटांचा जोरही. सगळ्यात नाजूक वेळ हीच. वळताना बीम प्रकाश फेकतो आणि त्यातच त्याचं डोलणं विरतं, हा त्याचा स्वतःचा आधार. पूर्ण २.५ जीईव्हीला त्यासाठी सुमारे पाच मिलिसेकंद पुरतात. भरणाच्या वेळी ऊर्जा साडेचारपट कमी असते, आणि विरायला नव्वदपटीहून जास्त वेळ लागतो. जवळजवळ अर्धा सेकंद! गरज असते तेव्हाच आधार सर्वांत तोकडा पडतो.

शेवटचा सेकंद. डोलणं विरण्यापेक्षा वेगाने वाढू लागतं. सेकंदाला सतरा लाख फेऱ्या, प्रत्येक फेरीला थोडी भर.

शून्य. बंच कड्याच्या नळीच्या भिंतीवर आदळतात. करंटचा आलेख कोसळतो.

इंडस-२ मध्ये २.५ जीईव्हीचा, २०० मिलिअँपिअरचा बीम सुमारे बहात्तर हजार कोटी इलेक्ट्रॉनांचा असतो, आणि त्यांची एकूण ऊर्जा तीनशे ज्यूलांच्या आत. त्यामुळे यंत्र सहसा वाचतं, पण भरण पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं आणि प्रकाशाची वाट पाहणारे संशोधक ताटकळतात. जपानच्या सुपरकेईकेबी या त्वरकात मात्र अशा अचानक जाणाऱ्या बीमने कोलिमेटरांची, म्हणजे बीमच्या कडा छाटणाऱ्या भागांची, नासधूस केली आहे. तिथली कारणं वेगळी, आणि हातात उरणारा वेळ तर जेमतेम काही फेऱ्यांचा.

इंडस-२ मधल्या अशा डोलण्यावर उपाय म्हणजे फीडबॅक: प्रत्येक बंचाचं डोलणं मोजायचं आणि पुढच्या काही फेऱ्यांतच त्याला उलटा धक्का द्यायचा. हे काम भौतिकशास्त्राइतकंच वेगवान इलेक्ट्रॉनिक्सचं आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनो, नोकरीचा विचार करताना इंदूरचाही करा.