आकडा आणि चित्र यांच्या मधली खुर्ची

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी 'रुपया असा येतो, असा जातो' हे नाण्याचं चित्र वर्तमानपत्रात न चुकता येतं. शेजारी कधी धान्याची पोतीही असतात. उत्पादन दुप्पट झालं, म्हणून यंदाचं पोतं दुप्पट उंच. पण उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, आणि पोतं कागदावर चौपट जागा खातं. मजकुरात एकही आकडा खोटा नसतो, तरी वाचणारा फसतो.

ही खोड शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे, आणि तिच्यावरचा उताराही जवळजवळ तेवढाच जुना. पोतं मोठं करू नका, तेवढ्याच आकाराची पोती ओळीनं मांडा आणि वाचकाला मोजू द्या. विलर्ड ब्रिंटन या अमेरिकन अभियंत्यानं १९१४च्या आपल्या पुस्तकात हे सांगून ठेवलं होतं. मात्र त्यावर रोजचं काम चालवणारी कार्यशाळा उभी राहिली ती पुढच्या दशकात, व्हिएन्नात.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची नगरपालिका समाजवाद्यांच्या हाती आली होती. कामगारांसाठी घरं, दवाखाने, शाळा यांचा धडाका सुरू होता; १९३४पर्यंत साठ हजारांवर घरं बांधली गेली. हा पैसा कुठून येतो, कशावर जातो आणि त्यानं क्षय किंवा बालमृत्यू कमी होतात का, हे लोकांना कळायला हवं होतं. अर्थशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ ओटो नॉयराथ यांनी त्यासाठी १९२५च्या सुमारास 'समाज आणि अर्थव्यवस्था संग्रहालय' उभं केलं. ते आडदांड अंगाचे, बोलण्यात पटाईत. त्याआधी बव्हेरियातल्या १९१९च्या क्रांतीत पडून तुरुंगही पाहून आलेले. अचूक आकडे विसरले जाण्यापेक्षा सोपं केलेलं चित्र लक्षात राहिलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. संग्रहालयात जुन्या वस्तू नव्हत्याच, भिंतीवर नुसते तक्ते.

पण तक्ता करायचा कोणी? आकडेतज्ज्ञाला एकही रकाना गाळवत नाही. चित्रकाराच्या हाती कोष्टक दिलं, तर तो सुंदर काहीतरी काढतो आणि नेमका मुद्दा सजावटीत बुडतो. आपल्याकडे आजही संध्याकाळी सातला एक्सेलची फाइल कलाविभागाकडे येते, सोबत 'जरा आकर्षक करा' एवढीच सूचना असते, आणि सकाळी काय छापून येतं ते आपण पाहतोच. नॉयराथांनी या दोघांच्या मध्ये तिसरी खुर्ची मांडली. तिच्यावर बसणाऱ्याला ते रूपांतरकार म्हणत, आणि तिथं सगळ्यात जास्त काळ बसल्या त्या मारी राइडेमाइस्टर.

मारींचा जन्म १८९८चा, ब्राउनश्वाइगचा. गटिंगेनला त्या गणित आणि पदार्थविज्ञान शिकल्या होत्या. भाऊ कुर्ट हे व्हिएन्नात गणिताचे प्राध्यापक. त्यांच्यामुळे नॉयराथांची गाठ पडली आणि १९२५मध्ये मारी संग्रहालयात रुजू झाल्या. कामाची रीत अशी: डॉक्टर, इतिहासकार, आकडेतज्ज्ञ यांच्याकडून माहिती यायची. रूपांतरकार ती समजून घ्यायचा, शंका विचारायचा, यात सांगण्यासारखं काय आहे ते ठरवायचा आणि कच्चा आराखडा काढायचा. तो तज्ज्ञाला दाखवून मगच चित्रकाराकडे जायचा. मारी या कामाला वाचकांच्या वतीनं केलेली विश्वस्तगिरी मानत. संपादनाची याहून चांगली व्याख्या मला तरी ठाऊक नाही.

१९३०मध्ये या मंडळींनी लाइपझिगहून 'समाज आणि अर्थव्यवस्था' नावाचा शंभर रंगीत तक्त्यांचा चित्रसंग्रह काढला. त्यातला एक तक्ता इंग्लंडमधल्या विणकामाचा, १८२० ते १८८०. काळा माणूस घरी विणणारा, लाल माणूस कारखान्यात विणणारा. एक माणूस म्हणजे दहा हजार विणकर. निळी खूण तयार मालाची. एकेका सालाची ओळ खाली उतरत जावी तशी काळी माणसं विरळ होत जातात, लाल वाढतात, निळ्या खुणा तर बघता बघता ओळ भरून टाकतात. मजुरी किती, मालाची किंमत किती, मालक कोण, यातलं काहीच नाही. गिरण्यांची, धुराड्यांची चित्रं नाहीत. घरी विणणारा आणि गिरणीत विणणारा या दोघांना एकाच मापानं मोजायचं, हा खरा निर्णय. तो झाला म्हणूनच एकाचं जाणं आणि दुसऱ्याचं येणं एका नजरेत तोलता येतं. इचलकरंजी-मालेगावच्या माणसापुढे हा तक्ता धरला, तर जर्मन मथळा वाचून दाखवायची गरज पडणार नाही.

यातली माणसं रेखीव झाली ती गेर्ड आर्न्ट्स यांच्यामुळे. हे जर्मनीतले लाकूडठशांचे कलावंत, विचारानं कडवे डावे. विसाच्या दशकाच्या अखेरीस ते व्हिएन्नात आले. लिनोलियममध्ये खूण कोरायची, मग तोच ठसा हव्या त्या रंगात हवा तितक्यांदा उठवायचा. त्यांचा बेकार माणूस पाहावा: दोन्ही हात खिशात, खांदे पडलेले. नाक-डोळे नाहीत, तरी काम सुटल्याचं कळतं. खुणा जोडताही येत. बुटाची खूण अधिक कारखान्याची खूण म्हणजे बुटांचा कारखाना. अशा चारेक हजार खुणा आर्न्ट्स यांनी केल्या.

तपासणीची कसोटी नॉयराथांनी १९३६च्या पुस्तकात दिली आहे. पहिल्या नजरेत मुख्य गोष्ट दिसावी, दुसऱ्या नजरेत त्याखालची, तिसऱ्या नजरेत बारकावे. चौथ्या नजरेत आणखी काही दिसलं, तर तक्ता बिघडला समजा. पाहुण्यापुढे सगळे डबे उघडून बसणाऱ्या आपल्या पॉवरपॉइंटकारांना ही कसोटी जाचक वाटेल.

पुढचा भाग पळापळीचा. १९३४मध्ये ऑस्ट्रियात यादवी झाली, समाजवाद्यांची नगरपालिका गेली आणि मंडळी हेगला गेली. या पद्धतीला 'आयसोटाइप' हे नाव १९३५मध्ये तिथं पडलं, तेही मारींनी सुचवलेलं. मे १९४०मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या, तेव्हा नॉयराथ आणि मारी एका खचाखच भरलेल्या जीवरक्षक बोटीतून निसटले. इंग्लंडनं दोघांना शत्रुदेशाचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं. सुटल्यावर १९४१मध्ये त्यांनी लग्न केलं आणि पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डला संस्था काढली. आर्न्ट्स हेगलाच राहिले. नॉयराथ डिसेंबर १९४५मध्ये गेले.

माझ्या मते मारींच्या कामाचा खरा कस यानंतर लागला. १९५०च्या दशकात पश्चिम नायजेरियाच्या सरकारसाठी शिक्षण, शेती, मतदान यांवरच्या पुस्तिका करायच्या होत्या. युरोपातला माणूस, युरोपातलं घर आणि झाड तिथं चालेना. जगभर चालेल अशी चित्रभाषा म्हणून ज्या खुणांचा गाजावाजा झाला, त्या बाजूला ठेवून तिथला पेहराव, तिथली घरं पाहून नव्या खुणा काढाव्या लागल्या. मारींनी ते न कुरकुरता केलं, कारण त्यांच्या लेखी पद्धत म्हणजे तो ठसा नव्हताच. समोरच्याला काय ओळखू येतं हे आधी विचारणं म्हणजे पद्धत.

१९७१मध्ये त्यांनी सगळे कागद रेडिंग विद्यापीठाला देऊन टाकले. त्यांत कच्चे आराखडेही आहेत, म्हणून तर मधल्या खुर्चीवर काय चालायचं ते आज तपासून पाहता येतं. मात्र याच पद्धतीवरच्या १९३६च्या आणि १९३९च्या गाजलेल्या पुस्तकांवर लेखक म्हणून नाव एकट्या ओटो नॉयराथांचं आहे. रूपांतरकाराच्या कामावर मारींनी अखेरच्या दिवसांत लिहिलेला निबंध रॉबिन किनरॉस यांनी पुस्तकरूपात आणला तो २००९मध्ये, मारी गेल्यावर तेवीस वर्षांनी.