पेशीपर्यंतची वाट : कॅम्प्टोथेसिनचा इतिहास

अमुक वनस्पतीच्या अर्काने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारल्या, अशी बातमी देशातील कुठल्या ना कुठल्या संस्थेकडून दर काही महिन्यांनी येते. बातमी बहुधा खरीही असते. मात्र काचेच्या बशीतली पेशी आणि रुग्णाच्या शरीरातली पेशी यांत केवढे अंतर असते, हे तिच्यात सांगितलेले नसते. ते अंतर समजून घ्यायचे असेल, तर कॅम्प्टोथेसिन या वनस्पतिजन्य द्रव्याचा इतिहास पाहावा. त्याचा एक धागा नंदुरबारशी जोडलेला आहे आणि दुसरा सह्याद्रीशी.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. ‘कॅम्प्टोथेका’ या चिनी वृक्षातून त्यांच्या गटाने वेगळे केलेल्या द्रव्याची रचना १९६६ साली प्रसिद्ध झाली. उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्याचा गुण स्पष्ट दिसला होता. टॅक्सॉल या दुसऱ्या प्रसिद्ध औषधाची रचनाही याच गटाने १९७१ साली उलगडली.

अडचण पुढेच होती. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मग ते शिरेतून द्यायचे कसे? त्याचा विरघळणारा सोडियम क्षार तयार करण्यात आला आणि १९७० च्या सुमारास तो रुग्णांवर तपासला गेला. गुण फारसा आला नाही, त्रास मात्र फार झाला. या रेणूच्या एका टोकाला ‘लॅक्टोन’ नावाचे कडे असते. कडे मिटलेले असेल, तरच रेणू पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि आपले काम करतो. क्षार बनवताना नेमके तेच उघडले जाई. मूत्राशयातील आम्लतेमुळे ते पुन्हा मिटे आणि रेणू नको तिथे जागा होई. रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. चाचण्या थांबवाव्या लागल्या.

त्याच सुमारास, १९७२ साली, मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना हेच द्रव्य पश्चिम घाटातील एका झाडात आढळले. फुलांच्या दुर्गंधीमुळे आपल्याकडे त्याला ‘नरक्या’ किंवा ‘घाणेरा’ म्हणतात.

द्रव्य नेमके काय करते, याचा उलगडा १९८५ साली अमेरिकेत लिरॉय लिऊ यांच्या प्रयोगशाळेत झाला. पेशी विभागण्यापूर्वी डीएनएची नक्कल होते, तेव्हा त्याचा पीळ सैल करावा लागतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर त्यासाठी एक धागा तोडते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या फटीत पाचरीसारखे बसते व जोडणी होऊ देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन धडकली, की डीएनए तुटतो आणि पेशी मरते.

लक्ष्य कळल्यावर रेणूत फेरफार करण्याला दिशा मिळाली. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही त्याची दोन रूपे १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली. रचना कळल्यापासून तोवर तीस वर्षे लोटली होती. यांतले इरिनोटेकान हे अर्धेच औषध आहे. यकृतातील व अन्य पेशींतील विकरे त्याचे एसएन-३८ या शेकडो पटींनी प्रभावी रेणूत रूपांतर करतात. मग यकृतच त्याला साखरेपासून बनलेले आम्ल जोडून निष्प्रभ करते व पित्तावाटे आतड्यात सोडते. तिथले जीवाणू ती जोडणी तोडतात, रेणू पुन्हा जागा होतो आणि तीव्र जुलाब लागू शकतात. यकृतातील हे विकर जन्मतःच मंद असलेल्या व्यक्तींना नेहमीची मात्राही जड जाते.

कर्करोगाची पेशीही स्वस्थ बसत नाही. काही पेशी आवरणातील पंपांनी औषध बाहेर फेकतात. काही पेशी लक्ष्य असलेले विकरच बदलून टाकतात. २००८ साली जपानी संशोधकांनी यासंबंधी एक विलक्षण गोष्ट दाखवली. हे विष तयार करणारी झाडे स्वतः का मरत नाहीत, तर त्यांच्या टोपोआयसोमरेजमध्ये अगदी तोच बदल असतो, जो औषधाला न जुमानणाऱ्या मानवी कर्कपेशींत आढळला होता.

२०१९ नंतर मान्य झालेल्या काही औषधांत या कुळातला रेणू प्रतिपिंडाला बांधलेला असतो. कर्कपेशीच्या पृष्ठभागावरील खूण ओळखून प्रतिपिंड तिथे चिकटते, पेशी ते आत ओढून घेते आणि मग रेणू सुटा होतो. वाणी २०२० साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या रेणूला ही नवी वाट मिळालेली होती.

इकडे मागणीपायी नरक्याची बेसुमार तोड झाली आणि हे झाड आज संकटग्रस्त आहे. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने २००५ साली त्यात राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन दाखवले. परंतु झाडाची जागा बुरशीने घेतलेली नाही.

म्हणून अशी बातमी वाचताना काही प्रश्न विचारावेत : द्रव्य रक्तात टिकते का? पेशीत शिरते का? यकृत त्याचे काय करते? पेशी ते बाहेर तर फेकत नाही ना? ही उत्तरे हाती नसताना चालू उपचार सोडून काढ्यावर विसंबणे म्हणजे, १९७० च्या त्या रुग्णांनी भोगलेला धोका पुन्हा पत्करणे. तोही कुणा डॉक्टरची नजर नसताना.